गच्चीवरचे ऊन

मुलुंड पश्चिमेतील त्या सात मजली इमारतीत अठ्ठावीस कुटुंबे राहतात. 2024 च्या दिवाळीनंतर सोसायटीच्या खजिनदारांनी वर्षभराची वीजबिले एकाखाली एक मांडली. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांसाठी असलेल्या सामाईक मीटरवर महिन्याला सरासरी चौदाशे युनिट खर्च होत होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्र सरकारची ‘पीएम सूर्य घर’ योजना सुरू झाली होती, आणि गच्ची तर दिवसभर उन्हात तापत पडलेली. निवृत्तीनंतर हाती वेळ होता. त्यांनी या विषयाचा रीतसर अभ्यास आरंभला.

पहिला गैरसमज अनुदानाचा होता. वृत्तपत्रांत झळकणारी 78 हजारांची रक्कम स्वतंत्र घराच्या तीन किलोवॉट संचासाठी आहे. सदनिकाधारकांची गच्ची सामाईक असते, ती सर्वांत वरच्या मजल्यावरच्या रहिवाशाचीही नसते. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट 18 हजार रुपये मिळतात. शिवाय ही रक्कम संच सुरू झाल्यावर खात्यात जमा होते, म्हणजे आधी संपूर्ण पैसा स्वतः उभा करावा लागतो.

दुसरा प्रश्न आकाराचा. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट वीज मिळते. पावसाळ्यात ती बरीच घटते. एका विक्रेत्याने पंधरा किलोवॉटचा आग्रह धरला. खजिनदारांनी हिशेब केला: त्यातून वर्षाला सुमारे एकवीस हजार युनिट निर्माण होतील, आणि गरज तर सतराशे कमी साडेअठरा हजारांची, म्हणजे जेमतेम सोळा हजार आठशेंची. नेट मीटरमुळे दिवसाची जास्तीची वीज ग्रीडमध्ये जाते आणि बिलातून वजा होते. परंतु वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण मोजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. गरजेपेक्षा अधिक साठवू नये हा घरातील जुना संस्कार येथे व्यवहारालाही धरून होता. दहा किलोवॉट पुरेसे ठरले.

डिसेंबरमधील एका रविवारी ते नातीला घेऊन गच्चीवर गेले. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता पाण्याच्या टाकीची व जिन्याच्या खोलीची सावली जेथे पडली, तेथे नातीने खडूने रेषा ओढल्या. डिसेंबरात सावली सर्वांत लांब पडते.  एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच्याशी जोडलेल्या संपूर्ण ओळीची निर्मिती घटू शकते, म्हणून या रेषांना मोल होते. त्यांच्या आत दक्षिणेकडे तोंड करून दहा किलोवॉटची पॅनेल नीट बसत होती.

जानेवारीत विशेष सर्वसाधारण सभा भरली. उंच सांगाड्यासह साडेसहा लाखांचे दरपत्रक समोर होते. एक लाख ऐंशी हजारांचे अनुदान वजा जाता चार लाख सत्तर हजार उरत होते. दहा रुपये युनिट या हिशेबाने वर्षाला एक लाख चाळीस हजारांची वीज, त्यातून धुलाई-देखभालीचे पंधरा हजार वजा. म्हणजे चार वर्षांच्या आत भांडवल परत. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची, इन्व्हर्टर मात्र मध्येच एकदा बदलावा लागेल, हेही त्यांनी लपविले नाही.

“वीज गेली तर लिफ्ट चालेल ना?” पाचव्या मजल्यावरील आजोबांनी विचारले. नाही, हे उत्तर ऐकून अनेकांचे चेहरे उतरले. बॅटरी नसलेला संच वीज जाताच आपोआप थांबतो. अन्यथा दुरुस्तीसाठी तारांना हात लावणाऱ्या कामगाराच्या जिवावर बेतेल. लिफ्ट चालेल एवढी बॅटरी घ्यायची तर खर्च फार वाढतो आणि ती पॅनेलच्या कितीतरी आधी बदलावी लागते. जिन्यातील दिव्यांसाठी लहान इन्व्हर्टर पुरेल, असे ठरले.

मग सातव्या मजल्यावरच्या ताई उठल्या. “भाऊ, तुमचा हिशेब चोख आहे. पण माझ्या छताखाली दोन पावसाळे बादली ठेवलेली आहे. तिचा हिशेब यात कुठे आहे?”

सभेत कुजबुज झाली. ताई प्रत्येक कामाला आडव्या येतात, असे कोणी म्हणालेही. खजिनदारांना ते शब्द लागले, कारण तक्रारीचे पत्र त्यांच्याच फायलीत होते. दुसऱ्या दिवशी ते वर गेले. चौविहारामुळे ताईंचा स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी उरकलेला असतो. त्या ओट्यापाशी निवांत बसल्या होत्या. शयनगृहाचे छत काळवंडले होते, एका कोपऱ्यात प्लास्टर सुटून सळई दिसत होती. ज्या स्लॅबवर पंचवीस वर्षांचे ओझे ठेवायचे, तोच आजारी होता.

घरी येऊन त्यांनी कागद पुन्हा मांडला. एक वर्ष थांबल्यास सव्वा लाखांचा लाभ बुडतो. परंतु पॅनेल बसवल्यानंतर गळती काढायची तर सर्व उतरवणे, पुन्हा चढवणे आणि तोवर निर्मिती बंद. आणि ताईंची बादली कोणत्याच रकान्यात नव्हती. पुढच्या सभेत त्यांनी स्वतःचाच प्रस्ताव एक वर्ष पुढे ढकलला आणि ताईंची जाहीर क्षमा मागितली.

दुरुस्ती निधीच्या आठ लाखांच्या ठेवीतून सव्वाचार लाख वॉटरप्रूफिंगला गेले. स्लॅबची दुरुस्ती झाली, 2025 चा पावसाळा गच्चीने कोरडा काढला. उरलेल्या पावणेचार लाखांत प्रत्येक घराचे दहा हजार मिळवून, दिवाळीनंतर संच उभा राहिला. स्लॅबला भोके न पाडता सांगाड्याचे पाय काँक्रीटच्या जड ठोकळ्यांत रोवले. 2021 च्या तौक्ते चक्रीवादळात मुंबईने ताशी शंभर किलोमीटरहून वेगवान वारे पाहिले होते, म्हणून ठोकळ्यांचे वजन संरचना अभियंत्याकडून तपासून घेतले. पॅनेलखाली कबुतरे घरटी करतात. तेव्हा कडेची जाळी पहिल्याच दिवशी लावली. एकदा अंडी घातल्यावर ती लावण्याचे पाप कोणाला नको होते.

महावितरणचा नेट मीटर बसल्यानंतरचे पहिले बिल खजिनदारांनी सूचना फलकावर लावले. अनुदान खात्यात आले, ते त्यांनी त्याच दिवशी दुरुस्ती निधीत परत ठेवले.

ताई फलकापाशी थांबल्या, चष्मा लावून आकडे वाचले. “बरे झाले, भाऊ,” एवढेच म्हणाल्या. त्यांच्या शयनगृहातील बादली आता गच्चीवर असते. पंधरवड्यातून एकदा, ऊन चढण्यापूर्वी, पॅनेल धुण्यासाठी.