दांतांचा दुसरा जन्म

संस्कृतांत पक्षी, ब्राह्मण आणि दांत या तिघांनाही ‘द्विज’ म्हणतात. पक्षी आधीं अंड्याच्या रूपानें जन्मतो व मग अंड्यांतून. ब्राह्मणाचा दुसरा जन्म मुंजींत होतो. आणि दुधाचे दांत पडले कीं दांत पुन्हां येतात. शाळेंत तीस वर्षें मीं हें मुलांना हौसेनें समजावून दिलें. परंतु ज्याच्या दांतांचा दुसरा जन्म आपोआप होत नाहीं, असें मूल माझ्याच घरांत होतें, आणि तें ओळखूं न देण्यांत माझाच हात होता.

डोंबिवलीस आमचें एकत्र कुटुंब आहे. माझे धाकटे बंधू आतां हयात नाहींत. त्यांचे खांदे उतरते, बांधा लहानखुरा, कपाळ रुंद. लहानपणीं ते दोन्ही खांदे छातीपुढें एकमेकांस टेकवून दाखवीत व आम्ही टाळ्या पिटीत असूं. चाळिशीपूर्वींच त्यांना कवळी बसवावी लागली. त्यांच्या मुलाचीही तीच गत. ‘घराण्याची ठेवण’ म्हणून आम्ही तो विषय मिटवीत असूं. पुतण्याचें लग्न जुळूं लागलें तेव्हां घरांतील वडीलधारा म्हणून मींच त्याला बजावलें, “आधीं दांत बसवून घे, आणि मुलीकडच्यांपुढें हें काढूं नकोस.”

पुढें त्याच्या मुलाची आठव्या वर्षीं मुंज झाली. बरोबरीच्या बटूंचे पुढचे दांत पडून नवे आले होते; याचे दुधाचे तसेच. सूनबाई म्हणाली, “दाखवूं या.” मी म्हणालों, “आपल्याकडे उशिराच येतात.” अशीं दोन वर्षें गेलीं. मग एका दवाखान्यांत क्ष-किरणांचें चित्र न घेतांच पुढचे दोन दांत उपटण्यांत आले, आणि दीड वर्ष तें खिंडार रिकामेंच राहिलें. मुलगा हांसतांना तोंडावर हात धरूं लागला. उत्तर येत असूनही तो वर्गांत बोट वर करीना. याचा अर्थ काय, हें शिक्षकाला निराळें सांगावें लागत नाहीं.

अखेर सूनबाई त्याला घेऊन मुंबईस निघाली. मीही सोबत गेलों. ज्या स्टेशनला आमची पिढी अजून व्ही. टी.च म्हणते, तेथें उतरून सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांतील शासकीय दंत महाविद्यालय गांठलें. तेथें दोन्ही जबड्यांचें मिळून एक चित्र घेतलें. हिरड्यांखालीं कायमचे दांत होते. पण त्यांच्या वाटेंत जादा दांत दाटीनें अडकले होते. डॉक्टरबाईंनीं तें पाहिलें आणि म्हणाल्या, “बाळ, खांदे पुढें आणून दाखव बरं.” त्यानें ते जवळजवळ टेकवले. माझ्यापुढें बंधूच उभे राहिले.

या विकारास ‘क्लाइडोक्रेनियल डिसप्लेझिया’ म्हणतात. मारी व सेंतों या फ्रेंच वैद्यांनीं १८९८ मध्यें त्याला नांव दिलें; त्याचें मूळ ‘रन्क्स-२’ या जनुकांत आहे, हें १९९७ मध्यें सिद्ध झालें. दहा लाखांत सुमारें एकाला तो होतो. गळ्याखालून खांद्यापर्यंत जाणारीं आडवीं हाडें अपुरीं राहतात किंवा नसतातच. टाळू फार उशिरा भरते. बुद्धीला मात्र कांहीं उणें नसतें. आईबापांपैकीं एकास तो असल्यास प्रत्येक अपत्यास संभव निम्मा. कधीं कुळांत नसतांही तो नव्यानें उद्भवतो. सुश्रुतानें दांतांना ‘रुचक’ म्हणून अस्थींतच गणलें आहे. आजचें शास्त्र दांतांना हाड मानीत नाहीं. पण एकच जनुक दोहोंना घडवितो हें पाहून त्या जुन्या वर्गीकरणाची आठवण झाली.

दुधाचा दांत काढल्यानें या मुलांचा कायमचा दांत येतोच असें नाहीं. जादा दांत काढावे लागतात, वरचें हाड दूर करून आंतला दांत उघडा करावा लागतो, आणि त्याला कडी चिकटवून तारेनें हळूहळू खालीं ओढावें लागतें. मुळें सुमारें तीन वर्षें मागें असतात; म्हणून वेळ वयावरून नव्हे, चित्रावरून ठरते. ज्या मुलांचीं हाडें जन्मतः ठिसूळ असतात, त्यांपैकीं कांहींचे दांत निळसर किंवा पिंगट असून झिजतात. त्यांच्या दुधाच्या दाढांवर वेळींच पोलादी टोप्या बसवितात. हाडांसाठीं औषध चालूं असेल तर तें दांताच्या डॉक्टरांस आधींच सांगावें.

परततांना गाडीनें ठाणें सोडलें. सूनबाई हळूच म्हणाली, “काका, तुम्हांला ठाऊक होतं?”

“नांव ठाऊक नव्हतं, लपवायचं आहे, एवढं ठाऊक होतं.”

“मला आधीं सांगितलं असतंत, तरी मी या घरांत आलेच असतें. पण बाळाचीं तीन-चार वर्षं वांचलीं असतीं.”

कल्याणच्या गाडीच्या त्या गर्दींत मला उत्तर सुचलें नाहीं. आजही सुचत नाहीं.

वाचकहो, मूल वर्षाचें होण्याच्या सुमारास एकदां दांताच्या डॉक्टरांस दाखवावें. बरोबरीच्या मुलांहून दांत फार मागें पडले तर उपटण्याची घाई न करतां आधीं चित्र घ्यावें. आणि कुळांत कोणाला काय होतें, तें गोत्र-प्रवरासारखेंच मुलांना सांगून ठेवावें. लग्न जुळवितांना तर अवश्य सांगावें. अमेरिकेंतील गेटन मॅटाराझो हा तरुण नट हाच विकार असल्याचें जगाला मोकळेपणें सांगतो. हें मला नातवानेंच सांगितलें.

त्यालाही आतां तेरावें लागलें आहे. गेल्या महिन्यांत तारेनें ओढलेल्या पहिल्या दांताची कड हिरडींतून दिसली. “आजोबा, बघा!” म्हणून त्यानें तोंड उघडलें. त्या वेळीं हात तोंडावर नव्हता.