पटसंख्या एक

अमेरिकेतली हजाराहून अधिक कॉलेजं 'कॉमन अ‍ॅप' नावाच्या एकाच अर्जावर प्रवेश देतात. त्यातला एक भाग विद्यार्थ्याने भरायचाच नसतो, शाळेच्या काउन्सेलरने भरायचा असतो. यंदाच्या तुकडीत किती मुलं, त्यांत या विद्यार्थ्याचा क्रमांक कितवा, तुम्ही याला किती वर्षं आणि कोणत्या नात्याने ओळखता, याच्याबद्दल पहिले शब्द कोणते सुचतात, असं बरंच काही. मूल घरी शिकलेलं असलं की काउन्सेलर म्हणून बहुधा आईच सही करते. आमच्याकडे मी केली. पटसंख्या एक. क्रमांकाची जागा मोकळी सोडली, कारण एकात पहिली येणारी मुलगी एकात शेवटचीही असते. 'किती वर्षं ओळखता'पाशी मी थबकले तेव्हा नवरा मागून म्हणाला, "सतरा वर्षं नऊ महिने लिही." सुचलेला पहिला शब्द होता 'हट्टी'. तोच लिहिला.

लेकीला सहावीनंतर शाळेतून का काढलं, ही जुनी कहाणी आहे. भारतात गेले की प्रत्येक लग्नकार्यात ती मला एकदा तरी सांगावी लागते, म्हणून इथे नको. इथे फक्त कागदांबद्दल. मूल शाळेत असतं तेव्हा शाळा त्याच्याबद्दल काय काय गुपचूप लिहून ठेवत असते, याची पालकांना कल्पनाच नसते. गुणपत्रक, दाखला, शिफारसपत्र, शाळेची ओळख सांगणारं पान, प्रत्येक विषयात काय शिकवलं त्याचा तपशील, हे सगळं शाळेच्या शिक्क्याखाली आपोआप निघतं. शिक्का नसला की यातला प्रत्येक कागद घरात तयार करावा लागतो, आणि तो खरा वाटेल असा करावा लागतो. दुसरं काम पहिल्यापेक्षा फार अवघड.

आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या बाहेर. इथे घरी शिकवण्याचा कायदा १९८८ साली झाला आणि तो तसा कडकच आहे. दर वर्षी १ ऑगस्टच्या आत प्रतिज्ञापत्र द्यायचं, वर्षाचे १८० दिवस किंवा वरच्या वर्गांसाठी ९९० तास शिकवायचं, कामाचे नमुने फाइलला लावायचे. मग पात्रताधारक शिक्षक किंवा मानसशास्त्रज्ञ ती फाइल बघणार, मुलीशी स्वतंत्र बोलणार आणि शिक्षण होतंय असं लेखी देणार. त्यात आणखी एक अट आहे : वाचलेल्या साहित्याची नावानिशी नोंद ठेवायची, तीही शिकवणं चालू असतानाच. डेलावेअर नदी ओलांडली की न्यू जर्सी लागतं. आमच्या वेळी तिथे मूल घरी शिकतंय एवढं कळवण्याचीसुद्धा सक्ती नव्हती. एडिसनला राहणारी माझी एक मैत्रीणही मुलाला घरी शिकवत होती. ती म्हणायची, "तुमच्याकडे किती गं कटकट!" मलाही तेव्हा ती कटकटच वाटत होती.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ट्रान्सक्रिप्टने, म्हणजे चार वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकाने. असतं ते एकाच पानाचं. विषय, वर्ष, श्रेणी आणि क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे ढोबळमानाने १२० तास. हा आकडा कुठून आला ते शोधत गेले तर आमच्याच राज्यातल्या पिट्सबर्गच्या पोलादापाशी पोचले. अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून १९०५ साली प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक प्रतिष्ठान उभं राहिलं. पेन्शन द्यायची ती कोणत्या कॉलेजांतल्या प्राध्यापकांना? तर जी कॉलेजं प्रवेशासाठी निदान १४ 'युनिट' शालेय अभ्यास मागतील त्यांच्या. आणि एक युनिट म्हणजे एका विषयाचे १२० तास. म्हाताऱ्या मास्तरांच्या पोटापाण्यासाठी ठरवलेलं हे माप शतक उलटून गेल्यावर माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर येऊन बसलं, आणि मी लेकीचा अभ्यास तासांत मोजू लागले.

तिच्या भौतिकशास्त्राचंच बघा. ती तबला शिकते. गुरुजी पुण्यात, शिकवणी व्हिडिओवर. इतर बहुतेक चामडी वाद्यांचा नुसता आवाज होतो आणि तबल्याचा स्वर लागतो, असं का, हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला. त्याचं उत्तर शाईत, म्हणजे तबल्याच्या पुडीवरच्या काळ्या गोलात आहे, हे तिला सर सी. व्ही. रामन यांच्या १९३४ सालच्या निबंधात सापडलं. मधोमध शाईचा तो जाड थर असल्यामुळे पुडीची कंपनं एका स्वराच्या पटीत बसतात. रामन यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून त्या कंपनांच्या आकृत्या पाहिल्या होत्या. आमच्याकडे वाळू नव्हती, रवा होता. पुढच्या शिकवणीला गुरुजींना पडद्यावर शाईच्या कडेला रवा दिसला आणि ते कळवळून म्हणाले, "अगं, हे काय केलंस? पुडी जाईल तुझी!" त्या पुडीवर रवा कुठे थांबला आणि कुठून पळाला, याची आकृती काढलेला तिच्या वहीतला कागद आम्ही भौतिकशास्त्राच्या तपशिलाला जोडला. त्याचे तास किती धरायचे? प्रश्न पडल्यापासून की रवा आणल्यापासून? शेवटी तिने बसून वाचलं, मोजलं आणि लिहिलं तेवढेच धरले. विचार करत लोळत घालवलेल्या दुपारी कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

श्रेण्यांचं तर विचारूच नका. आईने दिलेल्या 'ए'ला काय किंमत? आपला तो बाब्या असतो हे प्रवेश समितीवाल्यांनाही ठाऊक असतं. म्हणून परक्या माणसाने तपासलेलं काहीतरी सोबत हवंच. पूर्वी घरी शिकणारी मुलं एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या विषयवार परीक्षा देत. त्या २०२१ साली बंद झाल्या. आता उरल्या मे महिन्यातल्या एपी, म्हणजे शालेय वयातच द्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षा. त्याही एखादी शाळा आपल्या केंद्रावर बाहेरचं मूल बसवून घ्यायला तयार असली तरच देता येतात. त्यासाठी जानेवारीत नाही, आदल्या उन्हाळ्यातच फोन करायला लागावं. आणि कम्युनिटी कॉलेज. तिथे ती दोन विषय शिकली. तिथल्या बाईंनी तिला रसायनशास्त्रात दिलेला 'बी' माझ्या दृष्टीने त्या पानावरची सगळ्यात मोलाची श्रेणी होती, कारण त्यामुळे बाकीच्या 'ए'वर विश्वास बसू शकत होता.

दुसरी कडक परीक्षक सांगलीत बसली होती. माझी आई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिने नातीचं मराठी स्वतःकडे घेतलं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दोघींनी मिळून व्हिडिओवर वाचली, दर आठवड्याला निबंध झाला, आणि प्रत्येक निबंध लाल शाईने रंगून फोटोतून परत आला. शेरा ठरलेला : ऱ्हस्व-दीर्घ! वर्षअखेरीस शंभरपैकी ६२. नवऱ्याने भीत भीत विचारलं, "आई, सत्तर करता येतील का? कॉलेजचा अर्ज आहे." उत्तर आलं, "जावईबापू, मार्क झाडाला लागत नाहीत. आणि वाढवायचे कशाला? ऱ्हस्व-दीर्घ सुधारा म्हणावं." ६२ च गेले. शेजारी आम्ही स्पष्ट लिहिलं, की परीक्षक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि विद्यार्थिनीच्या आजी आहेत. नातं लपवायचं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घरच्या कागदांचं खरेपण तेवढ्यावरच तोललेलं असतं.

या कामात एक मोह होतो, आणि तो भल्याभल्यांना होतो. जगण्यातल्या प्रत्येक गोष्टीला विषयाचं नाव देण्याचा. पुरणपोळी केली की 'पाककला', आजारी आजोबांजवळ बसलं की 'आरोग्यसेवा', गणपतीची आरास केली की 'त्रिमितीय कला'. अर्जात कामांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकीच्या वर्णनाला दीडशे अक्षरं. त्या दहा जागा बघितल्या की दहा भरायलाच हव्यात असं वाटू लागतं. लेकीने सहा भरल्या आणि म्हणाली, "आई, आजोबांजवळ मी बसले ते मी यांना सांगणार नाही." बरोबर होतं तिचं. शाळा नको म्हणून घरी आणलेल्या मुलीचं घर आपणच पुन्हा तासिकांत कापून टाकायचं, यापेक्षा तिला शाळेतच ठेवलेली काय वाईट?

माझं शिफारसपत्र मी विशेषणं गाळत गाळत लिहिलं. हुशार, कष्टाळू, जबाबदार या शब्दांना आईच्या तोंडून काही अर्थ उरत नाही. रव्याची हकिकत मात्र ठेवली. गुरुजींनी वेगळं पत्र दिलं. "ती चुकते, पण थांबत नाही, समेवर येतेच," एवढं एकच त्यांना सांगायचं होतं. त्यांच्या एका शिष्याने ते इंग्रजीत टाइप केलं आणि माझ्या दीड पानापेक्षा ते चांगलं उतरलं. तिचा साडेसहाशे शब्दांचा निबंध मी अर्ज गेल्यानंतर वाचला. त्यात घरी शिकल्याचा उल्लेखही नव्हता.

सांगलीच्या माझ्या आईला हा सगळा उपद्व्याप पटला नव्हता. ती म्हणाली, "आमच्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरला की काम संपलं." खासगीरीत्या दहावी-बारावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. तिच्या शाळेत तो भरायला यायच्या त्या शिक्षण मध्येच सुटलेल्या मुली, लग्न होऊन परत आलेल्या मुली, कामावर जाणारे मुलगे. परीक्षेला बसा, पास व्हा; तुम्ही कोण, कसे, कशात रमता, हे मंडळ विचारत नाही. या न विचारण्याचे तोटे आपल्याला माहीत आहेत. सातवीत शाळा सोडून घरी शिकलेल्या मुंबईच्या मालविका जोशीने संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली. २०१६ साली तिला अमेरिकेतल्या एमआयटीने घेतलं, पण आयआयटीचं दार बंद राहिलं, कारण बारावीचं गुणपत्रक नव्हतं. तेव्हा आपण सगळे हळहळलो, आणि ते योग्यच होतं. पण सतरा नंबरच्या फॉर्ममध्ये एक न्याय आहे, तो मला इथे बसून जास्त कळला. त्या फॉर्मला मुलीची आई किती शिकलेली आहे याने काही फरक पडत नाही. इथे पडतो. विषयांचे तपशील, शाळेची ओळख, शिफारसपत्र हे सगळं मला जमलं, कारण माझ्याकडे पदवी होती, इंग्रजी होतं, नवऱ्याच्या पगारावर घर चालत होतं आणि सांगलीत एक मुख्याध्यापिका फुकट राबत होती. ज्या आईकडे यातलं काही नाही, तिची मुलगी माझ्या मुलीइतकीच किंवा जास्त हुशार असली, तरी तिचे कागद इतके नीट दिसणार नाहीत. मूल अर्जात दिसतं ते आईच्या लेखणीतून, आणि या पद्धतीचं एवढं कौतुक होत असताना हे कुणी फारसं बोलत नाही.

अर्ज गेला म्हणजे काउन्सेलर सुटली असंही नाही. वर्षाच्या मध्यावर पुन्हा गुण पाठवायचे, जूनमध्ये शेवटचं ट्रान्सक्रिप्ट आणि शिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला. तो आमच्या राज्यात फाइल तपासणाऱ्या मूल्यमापकाच्या सहीने मिळतो. एडिसनच्या मैत्रिणीचा मुलगा पुढच्या वर्षी अर्ज भरायला बसला तेव्हा त्याने नववी-दहावीत काय वाचलं, हे दोघांनाही आठवेना. पुस्तकं होती, वाचनालयाला परत गेली होती. कटकट्या कायद्याने माझ्याकडून करवून घेतलेली वही तिच्याकडे नव्हती.

तेव्हा मूल घरी शिकत असेल, मग ते पुण्यात असो की पिट्सबर्गला, नववीच्या पहिल्या दिवशी एक वही आणा. पुस्तकाचं नाव, लेखक, सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख, आणि अर्धवट सोडलं असेल तर तसं. ती मुलांनाच लिहू द्या. आपलं अक्षर त्यात नको.