रूळ तपासणाऱ्या गाडीच्या वाटेवर

जर्मनीला गेलेला मराठी माणूस ऱ्हाईन नदीतली सफर करतो, कलोनचे उंच चर्च पाहतो आणि चॉकलेटे घेऊन परत येतो. मी मात्र मिंडेनला आगगाडी पाहायला गेलो! तीही अशी, की जिचे तिकीट मिळत नाही आणि जिची वेळ कुठल्याच वेळापत्रकात छापत नाहीत. ही रूळ तपासणारी गाडी.

हानोव्हरला माझा भाचा नोकरीला आहे. तो म्हणाला, "मामा, तुम्हांला इंजिनांचा एवढा नाद, तर मिंडेनला जाऊन या." वेझर नदीकाठचे हे गाव. १८४७ साली कलोनकडून आणि हानोव्हरकडून आलेले लोहमार्ग इथे भेटले. स्टेशनाची जुनी इमारत अजून रुळांच्या मधोमध बेटासारखी उभी आहे. जर्मन रेल्वेची तांत्रिक चाचण्या करणारी संस्थाही याच गावची; त्यामुळे मोजणीच्या गाड्या दिसण्याचा संभव इथे अधिक.

फलाटाच्या टोकाला तीनचार शौकीन कॅमेरे घेऊन उभे होते. त्यांतल्या पांढऱ्या मिशांच्या एका आजोबांनी मला बाकावर जागा दिली. आमचे संभाषण मोडक्या इंग्रजीत चालले. मोडके त्यांचेही आणि माझेही. पहिला धडा मिळाला तो इंजिनावरचा बारा आकडी नंबर वाचण्याचा. पहिले दोन आकडे जात सांगतात: ९१ म्हणजे विजेचे इंजिन, ९२ म्हणजे डिझेलचे, ९९ म्हणजे रुळांच्या देखभालीचे वाहन. पुढचे ८० म्हणजे जर्मनी. "९९ दिसले, की मी कॉफी खाली ठेवतो," आजोबा म्हणाले.

दीड तास नुसत्या मालगाड्या गेल्या. मग एकाएकी सारे कॅमेरे वर झाले. पुढे २१८ जातीचे लाल डिझेल इंजिन, मागे पिवळाधमक डबा. ही इंजिने १९७० च्या दशकात चारशेच्या घरात बांधली गेली. आपल्याकडच्या डिझेल इंजिनात आधी वीज तयार होते आणि ती चाके फिरवते. इथे तेलाच्या प्रवाहातून जोर चाकांकडे जातो. तारा नसलेल्या मार्गावरही ते चालते, म्हणून मोजणीच्या डब्याला सोयीचे. गाडी न थांबता घोंघावत निघून गेली. अर्ध्या मिनिटाचा खेळ!

त्या अर्ध्या मिनिटात डब्याखालचे लेझर काम करीत होते. दोन रुळांतले अंतर जर्मनीत १४३५ मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजहून जवळजवळ पाव मीटर कमी. ते वाढले का, एक रूळ खचला का, मार्गाला पीळ पडला का, हे सारे टिपले जाते. पायी तपासणाऱ्याला मोकळा रूळ सरळ दिसतो. खालची खडी पोकळ झाली असेल, तर ते वजन पडल्यावरच कळते. म्हणून मोजायला जड डबाच हवा. रुळाच्या पोटातली चीर शोधायला आणखी निराळी गाडी असते. ती रुळावर पाणी सोडते आणि कानाला न ऐकू येणारा ध्वनी आत पाठवते. चीर असली, की प्रतिध्वनी परततो.

"म्हणजे आता काळजी नाही!" मी म्हणालो.

आजोबांनी वही मिटली. "तीन जूनला मी स्टेशनावर येत नाही," ते म्हणाले. ३ जून १९९८ ला एशेडेजवळ वेगवान गाडीच्या चाकाचे कडे तुटले आणि १०१ माणसे गेली. पुन्हा ३ जूनलाच, २०२२ साली, गार्मिश-पार्टेनकिर्शेनजवळ गाडी घसरून पाचजण दगावले. तिथे काँक्रीटचे स्लीपर खराब झालेले निघाले. त्यानंतर देशभर सुमारे दोन लाख स्लीपर तपासायला घ्यावे लागले. रूळ जागेवर आहे की नाही, हे लेझर सांगतो. काँक्रीटच्या आत काय चालले आहे, ते त्याला दिसत नाही.

माझा भाचा रोज आगगाडीनेच कामाला जातो.

संध्याकाळी हानोव्हरच्या गाडीत बसलो. समोरच्या बाई शांतपणे विणकाम करीत होत्या. पेल्यातली कॉफी हिंदकळतसुद्धा नव्हती. मी मात्र काचेला नाक लावून शेजारच्या मार्गावरचे स्लीपर पाहत होतो. वेग वाढला, तसे ते एकमेकांत मिसळून गेले.