हत्तीची चाल

सरकारी नोकरीत आमच्या अनेक बदल्या झाल्या आणि त्या सर्व आम्ही निमूटपणे पत्करल्या. निवृत्तीनंतरची बदली मात्र चिरंजीवांच्या हुकुमाने झाली आणि आम्ही सपत्नीक बेंगळूरच्या सर्जापूर रोडवर रुजू झालो. या रस्त्याविषयी एवढेच सांगणे पुरे, की पाण्याचा टँकर आमच्या वसाहतीच्या फाटकात वळू लागला, म्हणजे दोन्ही बाजूंची वाहने जागच्या जागी थिजतात.

गेल्या दिवाळीत नातवाने किल्ला करण्याचा हट्ट धरला. येथे अंगण कुठले? तळमजल्यावर मोटारींच्या शेजारी टाकून दिलेले टेबल टेनिसचे जुने टेबल होते. त्याच्या एका टोकाला विटा, गोणपाट आणि माती यांचा किल्ला उभा राहिला. मातीचे मावळे सांगलीहून आमच्या धाकट्या बंधूंनी धाडले होते. सोबत चिठ्ठी होती : 'दादा, घराला गिऱ्हाईक आले आहे. तुम्ही परत येऊन राहणार असाल, तर विकत नाही.' या चिठ्ठीला आम्ही पंधरा दिवस उत्तर दिले नव्हते.

मुलांना किल्ला नुसता पाहायचा नव्हता. त्यांना लढाई हवी होती. टेबलाच्या मोकळ्या भागावर खडूने घरे आखली गेली. मावळ्याने दोन घरे चालावे, घोडेस्वाराने चार, असे ठरले. इतक्यात शेजारच्या कानडी मुलीने चन्नपट्टणचा लाकडी हत्ती आणला आणि तंट्याला तोंड फुटले. नातू म्हणाला, हत्ती सरळ जातो. वरच्या मजल्यावरचा मल्याळी मुलगा म्हणाला, हत्ती तिरका जातो. सरळ जातो तो रथ. बंगाली मुलाने दुजोरा दिला, की गज तिरकाच, सरळ चालते ती नौका. रणांगणात नौका शिरलेली पाहून नातवाचा धीर सुटला आणि खटला आमच्यापुढे आला.

फायलींवर शेरे मारण्यात जन्म गेलेला; अशी संधी आम्ही कशी सोडणार? आम्ही सांगितले, की सगळ्यांचेच बरोबर आहे. जुन्या इराणी-अरबी बुद्धिबळात हत्ती तिरकी दोन घरे उडी मारी. त्यामुळे चौसष्टांपैकी आठच घरे त्याच्या वाट्याला येत. इ. स. १०३०च्या सुमारास अल्-बेरुनीने हिंदुस्थानातील जो खेळ वर्णिला, त्यात हत्ती एक घर पुढे किंवा चार कोपऱ्यांपैकी एकात जाई : एक सोंड आणि चार पाय. चिनी पटावरचा हत्ती तर मधली नदी ओलांडीतच नाही. आपण मराठी माणसांनी रथाची सरळ चाल हत्तीला दिली आणि तिरक्या वाटेवर उंट नेमला.

निकाल ऐकून ती मुलगी शांतपणे म्हणाली, "अज्जा, पण हा एका घरात मावतच नाही!"

खरेच, त्याचे चार पाय चार घरांत होते! म्हैसूरच्या दसऱ्यात तिने अंबारीचा हत्ती डोळ्यांनी पाहिला होता. आमच्यासारखे पुस्तकात नव्हे. मग नियम मुलांनीच केले. चारही पाय मावतील तेथेच हत्तीने जावे; कोणाला ओलांडू नये; वळण्यात त्याचा एक पूर्ण डाव खर्ची पडावा.

आपले किल्ले बांधणाऱ्यांना हाच नियम ठाऊक होता. रायगडचा महादरवाजा बुरुजांच्या आड वळणावर आहे, तो हत्तीला धाव घेता येऊ नये म्हणून. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे खिळे हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर आहेत, तेही उगीच नव्हे. आणि १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडेन याला गडावर दोन हत्ती पाहून, हे वर आले कसे, याचेच नवल वाटले. सांगतात, की ती पिल्ले असतानाच वर नेली होती.

हे ऐकून नातवाने विचारले, "मग मोठे झाल्यावर ते खाली कसे उतरले, आजोबा?"

आम्ही गप्प राहिलो. सांगली सोडली, तेव्हा आम्ही प्यादे होतो. एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन कोठल्याही घरात मावत होतो. आज सौभाग्यवतींच्या गुडघ्यांचे डॉक्टर येथे, चिरंजीवांची नोकरी येथे, आणि संध्याकाळी बोट धरून कैकोंड्रहळ्ळीच्या तलावावर नेणारा नातू येथे. सांगलीपर्यंत पोचेल असा आमचा एकच पाय उरला होता. आपल्यापैकी ज्यांनी परगावी संसार थाटला, त्यांना हा हिशेब समजावून सांगायला नको.

त्या रात्री आम्ही बंधूंना लिहिले, की गिऱ्हाईकाला होकार कळव. पत्र सौभाग्यवतींच्या हाती दिले. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "देवघरातले देव तेवढे इकडे मागवून घ्या."

आम्ही तेवढी एक ओळ वाढवली.