लडाखच्या आधी करोल बाग

दिल्लीत मेट्रोच्या ब्लू लाइनवर करोल बाग स्टेशनला उतरा आणि कुणालाही 'नाईवाला गली किधर है?' असं विचारा. समोरचा आधी तुमच्या हातात हेल्मेट आहे का ते बघेल. कारण कपडे आणि सोनं घ्यायला आलेली गर्दी अजमल खान रोडकडे वळते, मोबाइलवाली गफ्फार मार्केटकडे, आणि उरलेली, बहुतेक काळ्या टी-शर्टातली, नाईवाल्याकडे.

फक्त सोमवारी जाऊ नका. करोल बागचा बाजार सोमवारी बंद असतो. आम्ही सोमवारीच गेलो होतो, म्हणून सांगतेय.

मंगळवारी मात्र गल्ली वेगळीच दिसली. दुकानांच्या दारांवर हँडलबार म्हशींच्या शिंगांसारखे टांगलेले. खाली क्रॅश गार्ड, सामानाचे कॅरियर, पेट्रोलचे कॅन अडकवायच्या जाळ्या, सीट. दुकान जेमतेम एका माणसाचं, आणि गॅरेज म्हणजे त्याच्यासमोरचा रस्ता. फाळणीनंतर पंजाबातून आलेली कितीतरी कुटुंबं करोल बागेत वसली आणि व्यापारात शिरली, त्यामुळे इथे भाव करायचा तर थोडी पंजाबी कानावर पडणारच. मे-जूनमध्ये लेहचा रस्ता उघडला की केरळ, तमिळनाडू, बंगाल आणि अर्थातच महाराष्ट्राच्या नंबरप्लेट इथे शेजारी शेजारी उभ्या राहतात. बहुतेकांचं काम एकच असतं: गाडीला डोंगर चढण्याजोगी करून घेणं.

आमचं काम हँडलचं होतं. बाबांची बुलेट क्लासिक 350, 2014 सालची. निवृत्त झाल्यावर मनाली ते लेह जायचं हे त्यांनी कधीचं ठरवलेलं, आणि मागे मी बसणार हेही. सराव म्हणून आम्ही पुण्याहून महाबळेश्वरला गेलो, तर वाईपर्यंतच बाबांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं. डॉक्टर म्हणाले, तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने एक नस जाते, पुढे वाकून हँडलवर भार टाकला की ती दाबली जाते. बसायची पद्धत बदला, नाहीतर लांबचं चालवू नका.

आईने त्यातलं दुसरंच वाक्य ऐकलं. "अहो, ब्रेक दाबायची बोटंच बधिर होणार असतील तर कशाला जायचं?" शेवटी तह झाला. गाडी रेल्वे पार्सलने हजरत निजामुद्दीनला पाठवायची, दिल्लीत हँडल बदलून घ्यायचं, दोन दिवस चालवून बघायचं. बोटं पुन्हा बधिर झाली तर बाबांनी त्याच रेल्वेने परत यायचं. (गाडी पार्सल करताना टाकी रिकामी करावी लागते. स्टेशनबाहेर पेट्रोल पंपापर्यंत गाडी ढकलायची तयारी ठेवा.)

आता खरेदीचं. दुकानदार तुम्हाला सगळ्यात उंच हँडल आधी दाखवेल, कारण ते फोटोत छान दिसतं. खांद्यापर्यंत हात वर नेणाऱ्या त्या हँडलने अर्ध्या तासात खांदे भरून येतात. त्यापेक्षा असं करा: गाडी डबल स्टँडवर लावा, नेहमीसारखे बसा, डोळे मिटा आणि हात सहज पुढे करा. मनगट सरळ, कोपर किंचित वाकलेलं. डोळे उघडल्यावर मुठी जिथे असतील तिथे हँडलची टोकं यायला हवीत. बाबांच्या मुठी जुन्या हँडलपेक्षा साधारण चार बोटं वर आणि दोन बोटं मागे होत्या. बस, तेवढंच हवं होतं.

पाइपाची जाडीही विचारा. बुलेटसारख्या बऱ्याच गाड्यांना 22 मिलिमीटरचा पाइप लागतो. मधे जाड, 28 मिलिमीटरचा पाइपही मिळतो, पण त्याला क्लॅम्प वेगळे लागतात. आणि हँडल हवं तसंच आहे, फक्त थोडं वर हवंय, असं असेल तर हँडल बदलूच नका. क्लॅम्पखाली बसणारे रायझर मिळतात, कमी खर्चात काम होतं. बाबांना मागेही यायचं होतं, म्हणून आम्ही हँडलच घेतलं.

पहिल्या दुकानातल्या पोराने पाऊण तासात काम उरकलं. जुनं हँडल काढलं, नवं बसवलं, लिव्हर, स्विच, आरसे चढवले. बाबा बसले, ताठ बसले, आणि इतके खूश झाले की त्यांनी त्या पोराला वर शंभर रुपये दिले. मग गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवायला हँडल पूर्ण डावीकडे नेलं, आणि हात न लावता इंजिनाचा आवाज वाढला. गाडी पुढे झेपावली. बाबांनी क्लच दाबला म्हणून समोरच्या उभ्या स्कूटरच्या आरशावरच निभावलं.

परत गेलो तर दुकानदार म्हणाला, "चल जाएगा अंकल, पहाड़ पे इतना कौन मोड़ता है?" घाटात गाडी वळवत नाहीत, हे मला नवीनच कळलं.

बाबा काही बोलले नाहीत. गाडी हाताने ढकलत चार दुकानं पुढे एका वयस्कर सरदारजींसमोर आणून उभी केली. ते स्टुलावर बसून कार्बोरेटर पुसत होते. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. इंजिन चालू केलं, हँडल सावकाश डावीकडे टोकापर्यंत नेलं, मग उजवीकडे, आणि कान खाली करून ऐकलं. डावीकडे पुन्हा तोच आवाज. हँडल उंच आणि मागे गेलं, पण अॅक्सिलरेटरची केबल जुन्याच लांबीची होती. हँडल वळलं की ती ताणली जायची आणि आपोआप रेस व्हायची. क्लचची केबलही तशीच ताणलेली. तुम्ही कधी हँडल बदललंत, तर दुकानासमोरून हलण्याआधी एवढं कराच: इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल दोन्ही टोकांना. आवाज बदलला तर पैसे देऊ नका.

पण खरी गोष्ट पुढे होती. सरदारजींनी गाडी डबल स्टँडवर घेतली आणि मला मागच्या कॅरियरवर जोर देऊन बसायला सांगितलं. पुढचं चाक उचललं गेलं, फोर्क पूर्ण खाली उतरला. "अब देखो." पुढच्या ब्रेकची नळी वीणेच्या तारेसारखी ताणलेली होती, लिव्हरजवळच्या सांध्यावर सगळा ओढा. ही नळी हँडलवरून थेट फोर्कवरच्या ब्रेककडे जाते, दोन्ही एकत्रच वळतात. त्यामुळे हँडल कितीही वळवा, नळीत दोष दिसत नाही. तो दिसतो चाक खड्ड्यात उतरतं तेव्हा. दिल्लीच्या रस्त्यावर कदाचित कधीच नाही, आणि लेहच्या वाटेवर दगडगोट्यांच्या ओढ्यात पहिल्याच दिवशी. केबल तुटायच्या आधी जड होते, कुरकुरते. नळी सांध्यातून सुटली तर ते ब्रेक दाबल्यावरच कळतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "आईला सांगू नकोस." मी सांगितलं नाही. आता ती इथे वाचेल.

लांब नळी आणि लांब केबली याच गल्लीत मिळतात, ही नाईवाल्याची खरी गंमत. सरदारजींनी एका पोराला धाडलं आणि दहा मिनिटांत तिन्ही वस्तू आल्या. मग टाकीवर ओला कपडा टाकला, कारण ब्रेकचं ऑइल रंगावर सांडलं की रंग उठतो. नळी बदलल्यावर आत हवा शिरते. ती काढायला बाबा लिव्हर दाबून धरत आणि सरदारजी खाली नट किंचित उघडत, पारदर्शक पाइपातून बुडबुडे बाटलीत जात. दाब, धर, सोड. बुडबुडे संपेपर्यंत वीस-पंचवीस वेळा. क्लॅम्पचे चार बोल्ट त्यांनी एकदम आवळले नाहीत, तिरपे-तिरपे, थोडे-थोडे. टोकांना जुन्या गाडीचीच वजनं लावली. त्यांनी हँडलची थरथर कमी होते, आणि बधिर बोटांच्या माणसाला ती काढून टाकणं परवडत नाही.

तुमच्या गाडीला एबीएस असेल तर मात्र ही नळी आधी एबीएसच्या युनिटकडे जाते. तिथे गल्लीतल्या उस्तादापेक्षा कंपनीचं सर्व्हिस सेंटर बरं. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये तेच सांगितलं. हँडलने त्या नोंदी सहसा बदलत नाहीत, पण विमा कंपनीला लेखी कळवलेलं बरं. याच गल्लीत मिळणारे कर्कश सायलेन्सर मात्र बघून सोडून द्या.

संध्याकाळ झाली होती. सरदारजींनी मजुरी सहाशे रुपये घेतली आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा बघायला सांगितले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मुरथलला पराठे खायला थांबलो, तेव्हा बाबांनी पराठ्याआधी पाना काढला. एक बोल्ट पाव फेरा फिरला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लडाखचे फोटो तुम्ही भरपूर बघितले असतील. मनालीहून लेह साधारण 430 किलोमीटर. 2020 मध्ये अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग चढावा लागत नाही. गाटा लूप्सची 21 वळणं आली तेव्हा मी मागे बसून फक्त इंजिनाचा आवाज ऐकत होते. पाण्याच्या ओढ्यांत बाबा फूटरेस्टवर उभे राहिले, आणि उंच हँडलमुळे त्यांना वाकावं लागलं नाही. मोरे मैदानात मात्र त्याच ताठ बसण्याचा त्रास झाला. समोरचा वारा सगळा छातीवर, आणि संध्याकाळी मान दुखली. बोटं पूर्ण बरी झाली असंही नाही. दीड तासाने मुंग्या यायच्या, मग आम्ही थांबायचो. आधी हे चाळीस मिनिटांत व्हायचं. तांगलांग ला सुमारे 5,300 मीटरवर आहे. तिथे बाबा हातमोजे काढून बोटं मोजल्यासारखी हलवत बसले आणि म्हणाले, "थंडीने गेलीत. हँडलने नाही."

जुनं हँडल आम्ही टाकून दिलं नव्हतं. गाडी विकायची वेळ आली तर मूळ भाग लागतात, तुम्हीही ठेवा. ते पुण्याला परत आलं, आईने दोन दिवस बघितलं, आणि आता ते बाथरूमच्या भिंतीवर आहे. दोन्ही टोकांना एकेक टॉवेल.