आधी पोटाची चौकशी

अंगाला खाज सुटली, की आमच्या सासूबाई आधी पोटाची चौकशी करीत. "भूक लागते का रे? पोट साफ होतं का?" खरूज असो की नायटा, पहिला प्रश्न हाच. मला नवल वाटे. दुखणे कातडीचे आणि विचारपूस पोटाची!

पुढे चरकसंहितेतला कुष्ठाचा भाग मराठीतून वाचला, तेव्हा उलगडा झाला. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तेवढाच तिथे अभिप्रेत नाही. 7 मोठे आणि 11 लहान असे 18 त्वचाविकार त्यात येतात. कारणे वाचताना तर आपल्याच घरचे वर्णन वाटते. आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा जेवणे, दुधाबरोबर मासे, नवे धान्य, फार आंबट-खारट, भरल्या पोटी कष्ट, दिवसाची झोप. अशाने अग्नी मंदावतो, दोष बिघडतात आणि कातडी, रक्त, मांस यांना बाधा होते, असा तो विचार.

एका पावसाळ्यात धाकट्या दिरांच्या मांडीला नायटा उठला. भातलावणीचे दिवस, अंगावर ओले कपडे. त्यांनी रात्रीचे जड जेवण सोडले. पोट हलके झाले, पण नायटा हटेना. मग दुकानातून मलम आणले. खाज चार दिवसांत थांबली. मलम बंद होताच नायटा दुप्पट पसरला आणि जाऊबाईंनाही झाला. डॉक्टर म्हणाले, "यात स्टेरॉइड आहे. खाज दबते, बुरशी मात्र वाढते." दोघांनाही औषध दिले आणि डाग गेल्यावरही सांगितलेले दिवस पुरे करायला लावले.

एकमेकांचे अंथरूण, कपडे वापरल्याने, अंगाला अंग लागल्याने कुष्ठ दुसऱ्याला जडते, असे सुश्रुतसंहितेतही आहे. म्हणजे जुन्या वैद्यांनी पोटाबरोबर पांघरुणाचीही चौकशी केली होती.

म्हणून बायांनो, पथ्य जरूर पाळा. शिळे, अवेळी खाणे टाळा. पण नायटा बुरशीने होतो, खरूज बारीक किड्याने. नुसत्या पथ्याने ती मरत नाहीत. टॉवेल, अंथरूण वेगळे ठेवा, कपडे उन्हात कडक वाळवा. खरुजेचे औषध घरातल्या सर्वांनी एकाच वेळी, डॉक्टरांना विचारून लावावे. चट्टा बधिर असेल तर घरी थांबूच नका. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग पुरता बरा होतो.