हाक सशाची, परीक्षा शिकाऱ्याची

एखाद्याच्या बडबडीला किंमत द्यायची नसली, की ‘चालू द्या कोल्हेकुई’ म्हणून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अमेरिकेत मात्र कोल्ह्याच्याच एका भाऊबंदाची कुई कानावर पडावी म्हणून माणसे कडाक्याच्या थंडीत पहाटे डोंगर चढतात. त्याला आपल्याजवळ बोलावण्याची विद्या शिकण्यात त्यांची वर्षे जातात. या प्राण्याचे नाव कोयोट. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतला ‘कोयोत्ल’ हा शब्द स्पॅनिशमधून इंग्रजीत आला आणि त्याचा ‘कोयोट’ झाला. शास्त्रज्ञांनी त्याला ‘कॅनिस लाट्रान्स’, म्हणजे भुंकणारा कुत्रा, असे नाव दिले. दिसायला तो आपल्या कोल्ह्यासारखाच, पण अंगाने थोराड आणि बुद्धीने भलताच तल्लख!

त्याच्या मागे धावून उपयोग नसतो. म्हणून शिकारी त्यालाच बोलावतो. झुडपाच्या सावलीत बसायचे आणि एक छोटी पिपाणी फुंकायची. तिच्यातली पातळ पत्ती थरथरते आणि शत्रूच्या तावडीत सापडलेल्या सशाचा आक्रोश रानात घुमतो. ससा एरवी मुका प्राणी, पण जिवावर बेतले की तान्ह्या मुलासारखा टाहो फोडतो. तो ऐकून आयते भक्ष्य मिळणार या आशेने कोयोट येतो. टेक्सासमधल्या बर्नहॅम बंधूंनी १९५०च्या दशकात अशा पिपाण्या शिकाऱ्यांमध्ये लोकप्रिय केल्या. आता बटण दाबताच हवा तो आवाज काढणारी यंत्रेही मिळतात.

ऐकायला सोपे वाटते ना? पश्चिमेकडच्या उघड्या माळावर ते थोडेफार सोपे असेलही. तिथे दूरवरून येणारा प्राणी दिसतो. पण पेनसिल्व्हेनिया किंवा वेस्ट व्हर्जिनियातल्या ॲपलेशियन डोंगरांत नवशिक्याची खरी कसोटी लागते. दाट झाडी, अरुंद दऱ्या आणि जमिनीचे लहानलहान खासगी तुकडे. मालकाची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. नजर पन्नास-साठ पावलांपलीकडे पोचत नाही. शिवाय आजूबाजूचे कोयोट अशा खोट्या हाका ऐकून शहाणे झालेले!

नवशिका पहिल्यांदा शिकतो ते आवाज काढायला, आणि त्याला वाटते, झाले! पण कोयोट कानांनी ऐकतो तरी विश्वास ठेवतो तो नाकावर. हाक ऐकली की तो सरळ चालत येत नाही. वळसा घालतो आणि वारा आवाजाकडून आपल्याकडे येईल अशा जागी जाऊन हुंगतो. तिथे माणसाचा वास आला की संपले! म्हणून जाणता शिकारी बसतो ते ही वाऱ्याखालची बाजू नजरेच्या टप्प्यात ठेवून.

डोंगरात तर वाऱ्याचेही दोन स्वभाव. रात्री गार झालेली जड हवा पहाटे उतारावरून दरीत ओघळते. ऊन तापले, की तीच हवा वर चढू लागते. पहाटे माथ्यावर बसून दरीतल्या कोयोटला हाक मारणाऱ्याचा वास हाकेच्या आधीच खाली पोचलेला असतो.

मग असते ते बसणे. एका जागी वीस मिनिटे, अर्धा तास, नाक खाजले तरी हात न हलवता. थंडीने बोटे बधिर होतात. हाक ऐकून कावळे येतात, एखादे घुबड डोक्यावरून झेपावते, पण कोयोट काही येत नाही. दुसरी जागा, तिसरी जागा, आणि रिकाम्या हातांनी घर. असे कित्येक दिवस जातात. अशाच एखाद्या सकाळी कंटाळून तो उठतो आणि मागे वळून पाहतो, तर ताज्या बर्फात ठसे! कोयोट आला होता, पाठीमागे थांबला होता, खातरी करून घेऊन निघूनही गेला होता. त्या ठशांइतका चांगला शिक्षक नाही. आपण ज्याला पाहायला आलो, तोच आपल्याला पाहून गेला, हे त्या दिवशी नवशिक्याला कळते.

आणि एखाद्या दिवशी तो खरोखर समोर येतो. खरी परीक्षा त्या क्षणाची. पूर्वेकडच्या कोयोटमध्ये लांडग्याचे आणि पाळीव कुत्र्याचेही रक्त मिसळलेले आहे. झाडीआड हललेला करडा रंग शेजाऱ्याच्या कुत्र्याचा असू शकतो. तीच हाक ऐकून दुसरा शिकारीही दबकत येत असेल. पुरती ओळख पटल्याशिवाय आणि पलीकडे काय आहे ते दिसल्याशिवाय बोट चापाकडे न्यायचे नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम मनाचा. वसंतात पिल्ले बिळात असतात. अनेक राज्यांत कोयोटच्या शिकारीला वर्षभर मोकळीक असते, पण त्या दिवसांत पिपाणी खाली ठेवणारे शिकारीही आहेत. कायदा जिथे अडवत नाही, तिथे माणसाला स्वतःलाच थांबावे लागते. ज्याला आपण खोटी हाक मारून बोलावले, त्याच्याशी निदान एवढा तरी खरेपणा नको का?

या प्राण्याशी माणूस फार निष्ठुरपणे वागला आहे. मेंढपाळांच्या तक्रारींवरून अमेरिकेत १९३१ साली हिंस्र प्राण्यांच्या निर्मूलनाचा कायदाच झाला. सापळे, बंदुका, विष, सगळे वापरून झाले. अखेर १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनीवर विष वापरायला बंदी घातली. लांडगे बहुतेक प्रदेशांतून नाहीसे झाले, पण कोयोट उलट पसरला. आज हवाई बेटे सोडली, तर अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तो आहे. शिकागोसारख्या महानगरातही तो राहतो आणि २०००पासून तिथे त्याचा अभ्यास चालू आहे. असा प्राणी नवशिक्याला पहिल्याच दिवशी फसेल, ही अपेक्षाच भाबडी!

हाक मारून जनावर बोलावण्याची विद्या आपल्यालाही परकी नाही. जिम कॉर्बेट यांनी १९३८ साली कुमाऊँमधल्या ठाकच्या नरभक्षक वाघिणीला नर वाघाचा आवाज काढूनच आपल्याकडे ओढून घेतले होते. त्याच कॉर्बेटनी बंदुकीपेक्षा कॅमेरा जवळ केला. निक्सन यांची विषबंदी झाली त्याच १९७२ साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीचे दिवस सरले. कोल्हा मारणे आज गुन्हा आहे.

पण वारा ओळखणे, अर्धा तास न हलता बसणे, कानांनी रान वाचणे, या गोष्टींना कोणत्याच कायद्याची आडकाठी नाही, आणि त्यासाठी बंदूकही लागत नाही. गावाबाहेर संध्याकाळी कोल्हेकुई ऐकू आली, तर तिला हसण्याऐवजी पाच मिनिटे गप्प बसून ऐकावी. आपण तिकडे कान लावलेला असतो, तेव्हा तिकडूनही कोणीतरी आपला अंदाज घेत असते.